ल्युसर्नहून मिलानला जाताना गोटहार्ड: नवा बोगदा, जुनी रेल्वे की वरून रस्त्याने?

घाटमाथ्यावरची

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं (मी, नवरा, माझे आई-बाबा) स्वित्झर्लंडला चाललोय. आधी ल्युसर्नला मुक्काम, मग मिलान आणि तिथून परतीचं विमान. ट्रॅव्हलवाला म्हणतो थेट गाडी घ्या, साडेतीन तासांच्या आत मिलान. मला वाटलं झालं काम.

पण बाबा इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी कुठेतरी वाचलंय की आल्प्समधल्या गोटहार्ड घाटाच्या रेल्वेतून एकच चर्च तीनदा दिसतं, आणि जवळच सैतानाने बांधलेला पूल आहे. आता रोज सकाळी चहाला हाच विषय. नवऱ्याला गाडी भाड्याने घेऊन खिंडीवरून चालवत न्यायची आहे. आणि आईला घाटात गाडी लागते. वरंधा घाटात तिचं काय झालं होतं ते इथे लिहीत नाही.

थेट गाडीतून ते चर्च दिसतं का? नसेल तर काय करावं? आईचे गुडघे दुखतात, फार चढउतार नको. चौघांकडेही स्विस ट्रॅव्हल पास असेल.

धावता_पाय

थेट गाडीतून चर्च दिसत नाही. ती गोटहार्ड बेस टनेलमधून जाते. २०१६ साली सुरू झालेला, ५७ किलोमीटरचा, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. वीस मिनिटांत पलीकडे. हेही एक आश्चर्यच आहे की! जुन्या मार्गाने तासभर जास्त लागतो आणि गाडी बदलावी लागते. मी तर म्हणेन तो तास मिलानच्या कॅथेड्रलच्या छतावर घालवा. ज्येष्ठ नागरिक सोबत असताना उगाच चढउतरीचे प्रयोग नकोत.

बँकर

आधीच सांगतो, मी बँकेत नव्हतो. इथे दर वेळी कुणीतरी मला एफडीचे व्याजदर विचारतं. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं लावतात ती बँकर. नोकरीची बरीच वर्षं त्यांच्यावरच गेली. आता थोरली लेक त्सुगला असते, त्यामुळे तिकडे जाणं होतं, आणि गेलो की मी त्या जुन्या लाइनवर एक फेरी मारतोच. लेक म्हणते, बाबा सुटीवर येऊन ड्यूटी करतात.

धावता_पाय, तुमचं वेळेचं गणित बरोबर आहे. पण ताई विचारतायत गोटहार्ड बघायचा कसा, आणि तुम्ही सांगताय तो न बघता पार कसा करायचा.

बेस टनेल बांधणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. डोक्यावर जिथे सगळ्यात जास्त डोंगर आहे तिथे २३०० मीटर खडक, आत खडकाचं तापमान ४६ अंशांपर्यंत, आणि एवढं करून रुळांची सर्वोच्च पातळी समुद्रसपाटीपासून फक्त ५४९ मीटर. म्हणजे घाटच संपवला. मालगाडीला बँकर नको, सपाट रूळ. रेल्वेवाल्याच्या दृष्टीने याहून मोठं काम नाही. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र काळी काच आणि काचेत आपलाच चेहरा.

जुनी लाइन १८७२ ते १८८२ या दहा वर्षांत बांधली. उत्तरेकडून चढायला लागलात की एर्स्टफेल्ड ४७२ मीटरवर, आणि मोठ्या बोगद्याचं तोंड जिथे आहे ते ग्योशेनेन ११०६ मीटरवर. दरी अरुंद, आणि वासेन गावापाशी एकदम उठते. रेल्वे तर अशी उठू शकत नाही. हजार मीटरला २६-२७ मीटर, त्याहून जास्त चढ त्यांनी दिला नाही. आपल्या भोर घाटात १:३७ चढ आहे. हिशेब करून बघा, तोच येतो.

पण तोच चढ राखायला दोघांनी वेगवेगळे मार्ग काढले. आपला भोर घाट १८६३ सालचा, म्हणजे गोटहार्डच्याही आधीचा. तिथे डोंगराच्या कडेवर जागा संपली तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ पर्यंत हे चाललं, मग नवा मार्ग काढून ते बंद झालं. गोटहार्डवाल्यांनी गाडी थांबवलीच नाही, लाइनच डोंगराच्या पोटात गोल फिरवली. वासेनच्या आधी फाफेनश्प्रुंग नावाचा बोगदा आहे. गाडी त्यात शिरते, आत पूर्ण गिरकी घेते आणि शिरली त्याच्या वरच्या पातळीवर बाहेर पडते. पुढे वाटिंगर आणि लेगिश्टाइन ही दोन वळणं बोगद्यातच आहेत, तिथे गाडी दिशाच उलटवते.

आता बाबांचं चर्च. वासेनचं चर्च टेकाडावर आहे, पांढरं, लहानसं. पहिल्यांदा ते तुमच्या डोक्याच्या वर दिसतं. मग बोगदा, वळण, आणि ते समोर, जवळपास तुमच्याच उंचीवर. मग पुन्हा बोगदा, आणि आता ते खाली. वळणामुळे दिशा उलटते तशी चर्चची बाजूही बदलते, म्हणून एकाच खिडकीला चिकटून राहू नका. आईंना बसू द्या, बाबांना उभं करा. गाडीत गर्दी नसेल तर त्यांना हक्काने इकडून तिकडे पळू द्या.

आईंना गाडी लागणार नाही. ही रेल्वे आहे. वळणं मोठ्या त्रिज्येची, वेग कमी, हिसका नाही. मी इतक्या जणांना नेलंय, कुणी तक्रार केली नाही. बोगद्यात शिरताना कानात दडे बसतील एवढंच.

गाडीचं नाव ट्रेनो गोतार्दो. तांब्याच्या रंगाची असते, चटकन ओळखाल. २०२० च्या डिसेंबरपासून धावते. एक बासेलहून ल्युसर्नमार्गे, एक झ्युरिकहून, दोन्ही लोकार्नोकडे. तुम्ही बेलिन्झोनाला उतरून मिलानची गाडी धरायची. पास चालतो, आरक्षण सक्तीचं नाही.

आल्प्समावशी

काका, तुम्ही लिहायला लागलात की मला चहा ठेवून बसावं लागतं :)

मी रस्त्याची बाजू सांगते, कारण मी त्या भागात गाडी चालवते. नवरोबांसाठी: खिंडीचा रस्ता आणि मोटरवेचा बोगदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरवेचा बोगदा १९८० चा, जवळजवळ १७ किलोमीटर, एकाच नळीत समोरासमोर वाहतूक. २००१ मध्ये दोन ट्रक धडकून आत आग लागली, ११ माणसं गेली. त्यानंतर ट्रक मोजून मोजून सोडतात. दुसरी नळी खोदणं चालू आहे. सुटीच्या दिवसांत तोंडाशी दहा-दहा किलोमीटर रांग लागते. ती रांग बघायला कोणी भारतातून येऊ नये. मोटरवेसाठी ४० फ्रँकचा वार्षिक विन्येट (टोलचा स्टिकर) लागतो, भाड्याच्या स्विस गाडीवर तो असतोच.

खिंडीवरचा रस्ता उन्हाळ्यातच उघडा. साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, बर्फावर अवलंबून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बहुतेक उघडा मिळेल, तरी आदल्या दिवशी बघा. वर २१०६ मीटर. तळी, जुनं हॉस्पिस (वाटसरूंची धर्मशाळा) आणि एक छान छोटं संग्रहालय. दक्षिणेला आइरोलोकडे उतरताना दोन पर्याय असतात. एक नवा रुंद रस्ता. दुसरा ट्रेमोला: ग्रॅनाइटचे चिरे बसवलेला जुना रस्ता, २४ अवघड वळणं एकावर एक, मुळात १८३० च्या आसपास घोडागाड्यांसाठी केलेला. चाकांखाली चिरे खडखडत असतात. तुमच्या आईला या रस्त्याने नेऊ नका. मी हसत नाहीये, खरंच नेऊ नका.

आणि गाडी स्वित्झर्लंडमध्ये घेऊन इटलीत सोडणार असाल तर भाड्याशिवाय वेगळे पैसे लागतात, आणि ते थोडे नसतात. आधी विचारा.

माझा सल्ला असा. काकांच्या गाडीने ग्योशेनेनपर्यंत या, म्हणजे चर्च झालं. तिथे उतरून समोरच्या दातेरी रुळाच्या रेल्वेने आंडरमाटला जा, पंधरा मिनिटांच्या आत. ही छोटी गाडी शोलेनेनच्या घळीतून वर चढते आणि सैतानाचा पूल तिच्यातूनच दिसतो. बाबांना जवळून बघायचा असेल तर आंडरमाटहून खाली पायवाट आहे. जाताना उतार, येताना चढ, म्हणून आईला गावातच कॉफीला बसवा. परत ग्योशेनेन, आणि पुढच्या गाडीने दक्षिणेकडे. उन्हाळ्यात आंडरमाटहून खिंडीवरून आइरोलोला पिवळी पोस्ट बससुद्धा जाते, पण दिवसाला मोजक्याच. वेळ जुळली तर बाबा आणि जावई बसने, आई आणि तू रेल्वेने, आइरोलोला भेटा.

घाटमाथ्यावरची

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "त्या रेल्वेवाल्या काकांना सांग, विश्वास ठेवते आहे."

आता बाबा शेजारी येऊन बसलेत. त्यांचे प्रश्न: (१) सैतानाच्या पुलाची गोष्ट नक्की काय? (२) रशियन सेनापती सुवोरोव्हची लढाई याच पुलावर झाली का? (३) पहिला बोगदा खणताना किती माणसं मेली? नवऱ्याचा एकच: पॅनोरामा एक्स्प्रेस नावाची महाग गाडी दिसली, ती घ्यायची का?

आल्प्समावशी

बाबांना नमस्कार सांग. एक आणि दोन माझ्याकडे, तीन काकांसाठी सोडते.

रॉयस नदीने तिथे इतकी अरुंद घळ कापली आहे की पूर्वी माणसाला पुढे जायला जागाच नव्हती. मध्ययुगात त्यांनी कड्याला साखळ्यांनी लाकडी फळ्या टांगून वाट केली, आणि नदीवर पूल. पूल काही टिकेना. मग गावकरी वैतागून म्हणाले, सैतानानेच बांधावा. सैतान आला, म्हणाला बांधतो, पण पूल ओलांडणारा पहिला जीव माझा. पूल झाला आणि उरीच्या (हा तिथला स्विस प्रांत) लोकांनी पहिल्यांदा बोकड सोडला! सैतान चिडून पूल फोडायला भला मोठा दगड घेऊन निघाला, पण एका म्हातारीने दगडावर क्रूस काढला आणि त्याला तो उचलवेना. तो दगड ग्योशेनेनला अजून आहे. १९७० च्या दशकात मोटरवेच्या आड आला म्हणून तो २२० टनी धोंडा शंभरावर मीटर सरकवला, फोडला नाही. हा भाग मला गोष्टीपेक्षा जास्त आवडतो. हिशेबी स्विस माणसाने सैतानाच्या दगडासाठी लाखो फ्रँक खर्च केले.

१५९५ चा दगडी पूल १८८८ मध्ये कोसळला. आज दिसतात त्यातला एक १८३० चा आणि वरचा १९५८ चा.

सुवोरोव्ह: होय, तिथेच. सप्टेंबर १७९९. इटलीतून फौज घेऊन तो गोटहार्ड चढून आला आणि २५ तारखेला त्या घळीत फ्रेंचांशी गाठ पडली. पुलाच्या वरच्या बाजूला उर्नरलोख म्हणून ६४ मीटरचा बोगदा आहे, १७०८ चा, आल्प्समधल्या रस्त्यावरचा पहिला. रशियन त्यातून बाहेर पडत होते आणि समोरून गोळीबार. घळीच्या भिंतीत कोरलेला मोठा क्रूस आणि रशियन अक्षरांतला लेख आहे, तो याच लढाईचा. बाबांनी तिथे उभं राहून विचार करावा की तोफा आणि घोडे इथून नेले कसे. तुमचीही भेट सप्टेंबरातच पडतेय.

बँकर

आईंचा विश्वास पोचला. जबाबदारी वाढली.

बाबांचा तिसरा प्रश्न. अधिकृत आकडा दोनशेच्या आसपास. हा फक्त बोगद्यातल्या अपघातांचा. आजाराने नंतर घरी जाऊन मेले ते यात नाहीत. बहुतेक मजूर इटलीचे. आत उष्णता, घाण पाणी, धूर, आणि शौचाची सोय नाही. अंगातलं रक्त कमी होऊन माणसं पांढरीफटक पडायची. १८८० मध्ये तूरिनला तपासलं तेव्हा कळलं की आतड्यात हुकवर्म (रक्त शोषणारे जंत) होते. १८७५ मध्ये ग्योशेनेनला मजुरांनी संप केला, तर गोळीबार होऊन चौघे मेले.

कंत्राटदार लुई फाव्र, जिनिव्हाचा. आठ वर्षांत १५ किलोमीटरचा बोगदा पुरा करायचा, उशीर झाला तर दंड, अशा अटींवर काम घेतलं. १८७९ च्या जुलैत बोगद्यातच कोसळला आणि गेला. पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही बाजू मिळाल्या. चूक किती? बाजूला ३३ सेंटीमीटर, उंचीत ५. साधनं म्हणजे दुर्बीण आणि ओळंबा. सांगतात की भोक पडल्यावर पलीकडच्यांना पहिली वस्तू दिली ती पत्र्याच्या डबीतला फाव्रचा फोटो. पण दंडात त्याची कंपनी बुडालीच.

म्हणून मावशी, तुमचा बसचा बेत चांगला असला तरी मी बाबांना सांगेन, ग्योशेनेन ते आइरोलो रेल्वेनेच जा. अंधारच आहे, मान्य. पण बेस टनेलच्या अंधारात आणि या अंधारात माझ्या लेखी फरक आहे. आइरोलो स्टेशनाशी विन्चेन्झो वेला या शिल्पकाराचं स्मारक आहे. बोगद्यातून मेलेल्या मजुराला वाहून नेतायत असा देखावा. एक गाडी सोडून ते बघा आणि पुढची धरा. गाडी तासाला असते.

पॅनोरामा एक्स्प्रेस: ती त्याच रुळांवरून जाते. त्यात फक्त पहिला वर्ग, वर आरक्षणाचे पैसे. एक गोष्ट तिच्याकडे चांगली आहे, फोटोसाठी खिडक्या उघडणारा डबा. तिचा अर्धा भाग म्हणजे ल्युसर्नहून फ्ल्युलेनपर्यंत बोट. पण ती बोट तुम्हाला पासवर तशीही चालते! सकाळची साधी बोट धरा, पावणेतीन तास सरोवरातून, फ्ल्युलेनला धक्क्याशेजारीच स्टेशन, आणि तिथे ट्रेनो गोतार्दो थांबते. सामान चौघांचं असेल तर मात्र बोटीवर चढवा-उतरवा करावी लागेल, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक, हे बाबांसाठी नाही, माझ्यासाठी करा. ल्युसर्नमध्ये असताना वाहतूक संग्रहालयात जा. तिथे गोटहार्डचं जुनं विजेचं इंजिन आहे, लांब नाकाचं, मगर म्हणतात त्याला. १९२० च्या सुमाराला लाइनवर वीज आली तेव्हाचं. त्याच घराण्याची इंजिनं १९२८ पासून आपल्याकडे मुंबई-पुणे घाटात मालगाड्या ओढायची. पहिली तर स्वित्झर्लंडमध्येच, विंटरथुरच्या कारखान्यात बनली होती. आमच्याकडे त्यांना खेकडा म्हणत. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना डुलायचं. एक मुंबईला सीएसएमटीच्या बाहेर ठेवलंय. ल्युसर्नला त्याचा सख्खा चुलता भेटेल. त्याच संग्रहालयात वासेनच्या चढाचं मोठं मॉडेल आहे. आईंना आधी ते दाखवा, म्हणजे गाडी कुठे फिरते ते कळेल आणि पोटात गोळा येणार नाही.

धावता_पाय

काका, शरण आलो. पण एक विचारतो, बेस टनेल झाल्यावर जुनी लाइन चालू ठेवलीच कशाला? पर्यटकांसाठी?

बँकर

वरच्या गावांना गाडी नको का? शिवाय राखीव मार्ग लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बेस टनेलमध्ये मालगाडीचं चाक फुटून डबे घसरले, आत रुळांची वाट लागली. पूर्ण दुरुस्ती व्हायला पुढच्या सप्टेंबरपर्यंत वेळ गेला. तेवढा काळ झ्युरिक-मिलानच्या पुष्कळ गाड्या कुठून गेल्या? १८८२ च्या लाइनवरून, वासेनचं चर्च तीनदा बघत.

घाटमाथ्यावरची

ठरलं! संग्रहालय आदल्या दिवशी. मग सकाळी लवकर रेल्वेने ग्योशेनेन (बोट नको, चार बॅगा आहेत), बाबा आणि नवरा आंडरमाटला पूल बघून येणार, मी आणि आई खाली स्टेशनवर थांबणार. मग एकत्र पुढे. गाडीत खायला काही मिळतं का? आई शुद्ध शाकाहारी. आणि मोठा बोगदा झाला की आइरोलोनंतर झोपून घेतलं तर चालेल ना?

आल्प्समावशी

गाडीत मशीनमधली कॉफी आणि खाऊ, बस. ल्युसर्न स्टेशनात सुपरमार्केट आहे, तिथून ब्रेड, फळं, दही घ्या. धपाटे आणले असतील तर प्रश्नच मिटला. आणि स्वेटर वरच्या बॅगेत ठेवा. उत्तरेला पाऊस आणि आइरोलोला लख्ख ऊन, किंवा नेमकं उलट, हे नेहमीचंच आहे.

बँकर

झोपायचं नाही! सगळे हेच करतात. बोगद्यातून बाहेर आले, पाट्या इटालियन झाल्या, की घाट संपला समजून डोळे मिटतात. उतार तर आता सुरू होतो. फाइडोच्या आधी दाझिओ ग्रांदेच्या घळीत दोन पूर्ण गिरक्या, फ्रेज्जो आणि प्रातो. फाइडो झालं की लावोर्गो ते जोर्निकोच्या मध्ये बियास्किना, तिथे अजून दोन, पियानोतोंदो आणि त्राव्ही, एकाखाली एक. खिडकीतून खाली बघितलं तर आपण आता जिथून जाणार ते रूळ दिसतात, त्यांच्याखाली अजून एक पातळी. वरून मोटरवेचा पूल जातो, शंभरेक मीटर उंच खांबांवर. माझ्या मते उत्तरेपेक्षा दक्षिणेची बाजू जास्त चांगली आहे, फक्त तिला चर्च नाही म्हणून नाव नाही.

खाली बियास्का गाव लागतं, त्यानंतर दरी सपाट होते. मग बेलिन्झोनापर्यंत आईंना झोपू द्या. तिथे मिलानची गाडी धरा, आणि कियासोच्या पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असू द्या. पास सीमेपर्यंतच चालतो.